दोरानं ढकलता येत नाही

उधाणाच्या दिवसांत आचऱ्याच्या किनाऱ्यावर पहाटेची ओहोटी लांबवर जाते. पाणी नुकतंच मागे सरलेलं असतं तिथली वाळू पायाखाली दबत नाही. ओलसर, घट्ट, सारवलेल्या खळ्यासारखी लागते. गेली दोन वर्षं अमावास्या-पुनवेच्या आसपास मी तिथं सात नंबरचा आयर्न, म्हणजे गोल्फचा धातूच्या डोक्याचा क्लब, घेऊन जाते. बॉल नेत नाही. वाळूत हातभर रेघ ओढायची, ती दोन पायांच्या मधोमध येईल असं उभं राहायचं आणि क्लब फिरवायचा. क्लब वाळूला जिथं घासतो तिथं तळहाताएवढा, उथळ ओरखडा उठतो. एका बाजूला वाळूचे चार कण उडालेले असतात. तो ओरखडा रेघेच्या पुढं, म्हणजे बॉल जिकडं जायचा त्या बाजूला उठला, तर मनगटांनी आपलं काम केलं. मागं उठला, तर मनगटांनी घाई केली.

खाली वाकून हे ओरखडे बघण्यात माझा अर्धा वेळ जातो. रेघेपासून चार बोटं पुढं, दोन बोटं पुढं, मग एकदम तीन बोटं मागं. हा मागचा ओरखडा उठतो तेव्हा क्लब फिरवताना मला वाटलेलं असतं, की या वेळी चांगला जोर लागला. इतक्या वेळा असं झालंय, की आता 'जोर लागला' असं वाटलं की मी आधी रेघेच्या मागंच बघते.

मी पेशानं फिजिओथेरपिस्ट. सत्तावीस वर्षं मुंबईत मनगटं, कोपरं आणि खांदे हाताळले. गोल्फ माझ्याकडे आला तो पेशंटच्या हातांतून. एक गृहस्थ तीन महिने डाव्या तळहाताच्या दुखण्यानं हैराण होते, करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या थोडं खाली. एका रुग्णालयात एक्स-रे काढून 'मुरगळलंय, शेक घ्या' म्हणून परत पाठवलेलं. मी त्यांना मूठ कशी धरता ते दाखवायला सांगितलं. त्यांनी टेबलावरची छत्री उचलली आणि दोन्ही हातांनी अशी पकडली, की दांड्याचा शेवट बरोब्बर त्या दुखऱ्या जागेवर टेकला. तिथं हॅमेट नावाचं छोटं हाड असतं, त्याला आकड्यासारखं एक टोक असतं. गोल्फ खेळणाऱ्यांच्या पुढच्या हातात, म्हणजे उजवखोऱ्यांच्या डाव्या हातात, ते टोक मोडू शकतं, आणि साध्या एक्स-रेत ते लपून राहतं. सीटी स्कॅनमध्ये दिसलं. ते बरे झाले. पण मला छत्री धरलेली ती मूठ सुटेना. एक माणूस एका लहानशा बॉलला मारण्यासाठी स्वतःच्या हाताचं हाड मोडेपर्यंत दांडा का आवळतो, हे मला कळून घ्यायचं होतं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी स्वतः खेळायला लागले. रविवारी सकाळी खारघरला, डोंगराच्या पायथ्याशी सिडकोचा कोर्स आहे तिथं. आणि वर्षभरात माझं डावं कोपर धरलं. बाहेरच्या बाजूनं, टेनिस एल्बो म्हणतात तेच दुखणं. दुसऱ्यांना जे सांगत आले होते ते माझ्याच हातात आलं. तेव्हा मला शिकवणारे गृहस्थ सांगायचे, 'मॅडम, मनगटं वापरा, मनगटातून फटका काढा.' मी काढत होते. वर नेलेला क्लब खाली आणताना मी मनगटांनी त्याला पुढं ढकलत होते. दर वेळी, पूर्ण जोर लावून.

ढकलत होते हा शब्द महत्त्वाचा आहे. पुढचं सगळं त्याच्याबद्दलच आहे.

आधी मनगट म्हणजे काय ते. आपण मनगट एक म्हणतो, पण त्यात निदान तीन वेगळ्या हालचाली असतात. हातोडी मारताना मनगट अंगठ्याकडून करंगळीकडे जातं, ती एक. दारावर टकटक करताना ते आत-बाहेर होतं, ती दुसरी. कुलपात किल्ली फिरवताना जी होते ती खरं म्हणजे मनगटाची नाहीच, कोपरापासून खालचा अख्खा हात स्वतःभोवती वळतो. गोल्फच्या फटक्यात तिन्ही असतात, पण सारख्या नसतात. क्लब खाली येताना डाव्या हातात मुख्यतः हातोडीची हालचाल आणि किल्लीची हालचाल एकत्र होतात. टकटकीची हालचाल, म्हणजे डावं मनगट मागं मोडणं, ही बॉलपर्यंत पोचेतो जवळजवळ नकोच असते. माझ्या रेघेमागचे ओरखडे या टकटकीचे होते. डावं मनगट मागं मोडलं की क्लबचं डोकं हातांच्या पुढं निघून जातं, आणि वर्तुळाचा सगळ्यात खालचा बिंदू मागं सरकतो.

आता दांड्यांचा हिशेब. फटका हा दोन दांड्यांचा लंबक आहे, असं मानून या खेळाचा अभ्यास करतात. पहिला दांडा म्हणजे हात. तो वर छातीच्या मध्याजवळ कुठंतरी टांगलेला. दुसरा दांडा म्हणजे क्लब. दोघांच्या मध्ये बिजागरी, ती मनगटं. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये अ‍ॅलिस्टर कॉकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मॉडेल नीट मांडलं. त्याआधी १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी लुकलुकणाऱ्या दिव्याच्या प्रकाशात नामवंत गोल्फपटू बॉबी जोन्सच्या फटक्याची छायाचित्रं काढली होती. एकाच चित्रात क्लब पंख्याच्या पात्यांसारखा पसरलेला दिसतो, आणि दोन पात्यांमधलं अंतर म्हणजे तेवढ्या वेळात कापलेला रस्ता. १९६७ साली डेव्हिड विल्यम्स यांनी अशाच एका चित्रावरून मोजमाप करून गणित मांडलं. त्यातून निघालं ते असं, की क्लब उलगडताना मनगटांनी वेगळा जोर लावायची फारशी गरजच नसते. बिजागरी मोकळी असली तरी क्लब सुटतो.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलं नाही. सत्तावीस वर्षं स्नायूंबरोबर काढलेल्या बाईला 'स्नायूंनी काही केलं नाही' हे पटायला वेळ लागतो. म्हणून मी ते चित्र समोर ठेवून हातांच्या जागा एकेक करून बघितल्या. फटक्याच्या सुरुवातीला हातांच्या दोन जागांमध्ये अंतर वाढत जातं. बॉलच्या जवळ येताना मात्र हात दाटीवाटीनं येतात. म्हणजे मंदावतात. आणि नेमक्या त्याच वेळी क्लबच्या डोक्यांमधलं अंतर झपाट्यानं वाढत जातं.

हात मंदावतात, ते आपण थांबवतो म्हणून नव्हे. क्लब त्यांना मागं ओढतो म्हणून.

हे मी आधी कुठंतरी बघितलं होतं. चित्रात नव्हे, आमच्या खळ्यात.

माझ्या लहानपणी दसऱ्यानंतर भात कापून झालं की खळ्यात झोडणी चालायची. कलता ठेवलेला मोठा दगड, त्याच्याभोवती घरातल्या बायका, आणि एका बाजूला पेंढ्यांची रास. काकी पेंढी बुडख्याकडून दोन्ही हातांत धरायची, उजव्या खांद्यावरून मागं न्यायची आणि दगडावर आणायची. मी बारा वर्षांची असेन. मलाही एक बारीक पेंढी मिळाली. मी ती सगळ्या ताकदीनं आपटली. लोंब्यांतले निम्मे दाणे लोंब्यांतच राहिले आणि माझी मनगटं मात्र झिणझिणली. काकीच्या एका आपटण्यात दाण्यांचा पाऊस पडायचा, आणि तिचा हात माझ्याहून हळू फिरताना दिसायचा. तिनं माझ्या हातांकडे बघितलं, जवळ आली आणि माझ्या मुठीतलं एकेक बोट सैल केलं. करंगळीपासून.

"मनगटान मारू नको गो. हात खाली येवंदे, पेंढी आपसूक येता. दाणे झाडूचे आसत, दगड फोडूचो नाय."

पेंढीत काय होतं ते आता सांगता येईल. काकीचे हात खाली निघाले की लोंब्यांकडचं टोक मागंच राहतं. ते जड आहे, लांब आहे, त्याला हलायला वेळ हवा. हात आणि पेंढी यांच्यात काटकोन होतो, कधी त्याहूनही जास्त वाकतं. मग हात दगडाच्या बाजूला वळतात आणि ते मागं राहिलेलं टोक बाहेर फेकलं जातं. ते पुढं धावतं तसे हात मंदावतात, जवळजवळ थांबतात. हातांत होता तो वेग टोकाला गेला. काकीच्या मनगटानं पेंढीला पुढं ढकललं असतं, तर काटकोन आधीच मोडला असता, टोक हातांच्या बरोबरीनं आलं असतं, आणि शेवटी दगडावर आदळलं असतं ते हातांच्याच वेगानं. माझं तेच होत होतं.

ओढ्यावर धोंडीवर कपडे आपटणारी कुणीही बाई हेच करते. रोज करणाऱ्याचा हात ते आपणच शोधून काढतो, कारण चुकीचं करणारा हात दहा मिनिटांत दमतो. आपल्याकडे गोल्फ खेळणाऱ्या कितीतरी नामवंतांनी हा खेळ कॅडीचं, म्हणजे खेळाडूच्या क्लबांची पिशवी वाहायचं, काम करता करता शिकला आहे. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर दिल्लीत कॅडी होते. दिवसभर दुसऱ्यांचे फटके बघायचे आणि मिळेल त्या क्लबनं तसं करून बघायचं. डोळ्यांतून हातात उतरलेलं शिक्षण असं असतं. मला ते खळ्यात फुकट मिळालं होतं आणि मी ते बत्तीस वर्षं वापरलं नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पण मग हात करतात तरी काय? मनगटं ढकलत नसतील, तर क्लब फिरतो कशानं?

ओढण्यानं. क्लब एका बोटावर आडवा तोलून बघा. तोल मुठीजवळ साधत नाही. तो दूर, डोक्याच्या बाजूला साधतो. क्लबचं सगळं वजन तिथं जमा झालंय असं समजा. तुम्ही ओढता मुठीकडून, आणि वजन आहे तिकडं. ओढीची रेघ त्या वजनाच्या बिंदूमधून जात असेल, तर क्लब सरळ येतो. रेघ बाजूनं जात असेल, तर क्लब वळतो, ओढीच्या रेघेत येईपर्यंत वळत राहतो. खाडीत नांगरलेली होडी बघितली आहे ना? ओहोटी लागली की ती हळूहळू वळते आणि नांगराच्या दोराकडं तोंड करून उभी राहते. दोर तिला वळवत नाही, नुसता ओढतो. ओढ नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून आहे आणि होडीचं वजन मध्ये आहे, एवढ्यानं ती वळते. फटक्यात हात आधी खाली ओढतात, मग त्यांची वाट वळते, ते डावीकडं आणि मग वरच्या अंगाला जायला लागतात. ओढीची दिशा बदलत गेली, क्लब मागं राहिलेला आहे, म्हणून तो वळतो. होडी अर्ध्या तासात जे करते ते क्लब पाव सेकंदात करतो.

ही ओढ किती असते, याचा अंदाज कुणालाही काढता येतो. ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फटक्यासाठीच्या सगळ्यात लांब क्लबचं, डोकं सुमारे २०० ग्रॅमचं. जगातले चांगले पुरुष खेळाडू ते ताशी १८० किलोमीटरच्या आसपास फिरवतात, म्हणजे सेकंदाला ५० मीटर. त्याची वाट दीड मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा मानली, तर ते डोकं बाहेर निसटू नये म्हणून हातांना सुमारे ३४ किलो वजन धरल्याएवढं आत ओढावं लागतं. माझ्यासारखीचा वेग ताशी ११० धरला तर ते बारा-तेरा किलो होतं. भरलेली कळशी. फटक्याच्या तळाला, पापणी लवायच्या आत, एक भरलेली कळशी हातांना लटकते आणि जाते. जी मूठ क्लब सैल धरते ती हे वजन कसं पेलते, हा प्रश्न मला पेशंट नेहमी विचारतात. उत्तर असं, की कळशी उचलताना आपण तिचा काठ आवळत नाही. बोटं आकड्यासारखी वाकवतो आणि वजन त्यांत टांगलं जातं.

हे मला सगळ्यात नीट कळलं ते रापण ओढताना. आमच्या किनाऱ्यावर अजून रापण लागते. होडी अर्धगोल फिरून जाळं सोडते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन रांगांत उभी राहून ते ओढतात. गावी परत राहायला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात एकदा मीही दोराला हात लावला. पहिल्या पाच मिनिटांत मी दंडांनी ओढत होते, कोपरं वाकवून. शेजारचा माणूस काही बोलला नाही. मी त्याच्याकडं बघितलं. त्याचे हात सरळ होते. कोपरात जवळजवळ वाक नव्हता, बोटं दोराला अडकलेली, आणि तो मागं रेललेला होता. ओढत होते त्याचे पाय आणि कंबर. हात दोराचाच पुढचा भाग झाले होते.

दोरानं फक्त ओढता येतं. दोरानं ढकलता येत नाही, ढकलायला गेलं तर तो वाकतो. त्या सकाळी, तळहातांना मिठाची चुणचुण होत असताना, मला वाटलं की फटक्याच्या शेवटच्या भागात आपल्या हातांनी दोर असावं. माझं कोपर दुखावलं होतं, ते मी दोरानं ढकलायचा हट्ट धरला म्हणून.

यात स्नायूंची एक बाजू आहे, आणि ती माझ्या पेशातली असल्यानं मी तिच्यावर थोडी रेंगाळणार आहे. १९३८ साली ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून एक नातं मांडलं. स्नायू जितक्या वेगानं आखडतो, तितकी त्याची ताकद कमी होते. जड वस्तू हळू उचलताना स्नायू भरपूर जोर लावू शकतो. हलकी वस्तू भिरकावताना तोच स्नायू वेगाच्या नादात जोर गमावतो. आणि एका वेगाच्या पुढं तो काहीच ढकलू शकत नाही, नुसता मागं धावत राहतो. फटक्याच्या शेवटी क्लब इतक्या वेगानं उलगडत असतो, की मनगटाचे स्नायू त्याला गाठूच शकत नाहीत. मुठीवर होणारी बलं मोजली, तर बॉलच्या अगदी अलीकडं मनगटांचं वळवणारं बल उलट्या दिशेचं दिसतं. म्हणजे त्या क्षणी मनगट क्लबला पुढं नेत नसतं, नकळत अडवत असतं.

याचा अर्थ मनगट निव्वळ निर्जीव बिजागरी आहे असाही नाही. सुरुवातीला, हात नुकतेच खाली निघाले असताना, काटकोन राखण्यात त्याचा वाटा आहे. आणि नेमक्या क्षणी थोडा जोर मिळाला तर टोकाचा वेग वाढतो, असं संगणकावरची मॉडेल्स दाखवतात. पण तो क्षण उशिरा येतो आणि फार लहान असतो. जे लोक मनगट 'वापरतात', ते जवळजवळ सगळे त्याच्या आधी वापरतात. म्हणून मी माझ्या पेशंटना मनगट वापरा असं कधीच सांगत नाही. सांगायचंच तर सांगते, काटकोन थोडा जास्त वेळ सांभाळा, आणि मग आड येऊ नका.

आणि बॉलला मारायच्या क्षणाबद्दल. तो क्षण आपल्या वाट्याला येतच नाही. क्लब आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते सुमारे अर्धा मिलिसेकंद, सेकंदाचा दोन हजारावा भाग. मनगटाजवळच्या नसेला दिलेली जाणीव मेंदूपर्यंत पोचायला सुमारे वीस मिलिसेकंद लागतात. आम्ही नसांच्या तपासणीत हे मोजतो. म्हणजे 'लागला' असं मला कळतं तोवर बॉल आपल्या जागेपासून जवळजवळ मीटरभर पुढं गेलेला असतो. बॉलपाशी पोचल्यावर जोर लावीन, असं ठरवणाऱ्या हाताला तो जोर लावायला जागाच उरलेली नसते. जे काही करायचं ते वरून खाली येताना, आधीच्या पाव सेकंदात झालेलं असतं. मला हे फार सुंदर वाटतं. हातातून गेलेल्या गोष्टीची बातमी हाताला सगळ्यात शेवटी कळते.

एक गोष्ट मात्र शेवटच्या टप्प्यात खरोखर करता येते, आणि ती ढकलण्याची नाही. जपानमधल्या मिउरा यांनी २००१ साली दाखवलं, की बॉलच्या जवळ येताना हात जरासे आत-वर ओढले गेले, तर क्लबच्या टोकाचा वेग आणखी वाढतो. आमच्या परसात वडाला बांधलेला झोपाळा होता. त्यावर उभं राहून झोके घेताना तळाशी आलं की गुडघे सरळ करून अंग वर उचलायचं, मग झोका उंच जायचा. कुणी ढकलत नसताना. तोच हिशेब. वजन गोल फिरत असताना त्याला मध्याकडं ओढलं, की ओढण्यात केलेलं काम वेगात जमा होतं. चांगल्या खेळाडूंचे चित्रफितीतले पाय बघा. फटक्याच्या तळाला त्यांचे गुडघे सरळ होत असतात, डावा खांदा वर जात असतो. ते बॉल उचलत नसतात, झोका उंच नेत असतात.

कोपर बरं व्हायला मला सात महिने लागले. औषधांपेक्षा जास्त उपयोग झाला तो एका गोष्टीचा. क्लब धरल्यावर दंडाच्या खालचा, कोपरापुढचा भाग दुसऱ्या हातानं चाचपून बघायचा. तो दगडासारखा लागला तर क्लब खाली ठेवायचा, श्वास सोडायचा आणि परत धरायचा. कारण मूठ आवळणारे आणि मनगट मागं ताठ धरणारे स्नायू जोडीनं काम करतात. मूठ आवळली, की मनगट ताठ करणारे स्नायूही ताणले जातात, आणि त्यांचा उगम कोपराच्या बाहेरच्या हाडाशी आहे. तिथंच ते दुखतं. शिवाय ताठ मनगट बिजागरीचं काम करू शकत नाही, मग क्लब सुटावा म्हणून आणखी जोर, आणखी आवळणं. त्या छत्रीवाल्या गृहस्थांची मूठ मला तेव्हा समजली. ते दांडा आवळत होते, कारण सैल धरला तर तो हातातून निघून जाईल अशी त्यांना भीती होती. माझीही भीती तीच होती. जोर हातातून निघून जाईल ही.

वाळूवरचा सराव कुणी करणार असेल तर एक सांगते. ओली वाळू माफ करत नाही. क्लब नुसता घासून जायला हवा, रुतायला नको. रुतला तर तो धक्का थेट मनगटात येतो. दहा-बारा फेऱ्या पुरेत.

गेल्या कार्तिकी पुनवेनंतरच्या सकाळी मी अशीच किनाऱ्यावर होते. काकी खाडीच्या तोंडाशी मुळे, म्हणजे शिंपल्या, काढायला आली होती. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, पण ओहोटीची वेळ तिला कॅलेंडर न बघता कळते. पाटी कमरेवर घेऊन ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली. तिनं माझा क्लब कधी जवळून बघितला नव्हता. मी तो तिच्या हातात दिला. तिनं तो आधी आडवा धरला, मग मुठीकडून धरून टोक हळूच खालीवर केलं.

"सगळा वजन टोकाक आसा," ती म्हणाली. "ह्येच्यान काय झोडतत?"

मी बॉलचं सांगितलं. एवढासा, लिंबाएवढा, ४६ ग्रॅमला जरा कमी भरणारा. तो दूरवरच्या एका भोकात घालायचा, आणि जितक्या कमी फटक्यांत घालाल तितकं चांगलं. तिनं ते सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं. कामाबद्दल कुणी सांगितलं की ती तसंच ऐकते. मग क्लब मला परत दिला आणि म्हणाली, "दाखव."

मी रेघ ओढली. तिच्यासमोर चांगलं व्हावं असं मला फार वाटत होतं. क्लब वर नेला, काटकोन धरला, खाली आणला. वाळूचे कण उडाले. ओरखडा रेघेवरच उठला होता, ना पुढं ना मागं. मी पुन्हा केलं. या वेळी दोन बोटं मागं.

काकी ओरखड्याकडं बघतच नव्हती. तिनं पाटी वाळूवर ठेवली, जवळ आली आणि माझ्या डाव्या मुठीवर हात ठेवला. तिची बोटं थंड होती, त्यांना खाडीच्या चिखलाचा वास होता. तिनं माझी करंगळी क्लबवरून उचलली, थोडी सैल केली आणि परत टेकवली.

"अजून दाबूनच धरतंस गो."